गूगल चालतं, यूट्यूब चालतं, मग बँकेची साइट काहून नाही उघडत? घरच्या राउटरची पायरीपायरीने तपासणी

मे महिन्यातली दुपार, कूलर घरघरतोय आणि नागपूरच्या मानेवाड्याहून काकूंचा फोन. "अरे, नेट चालू आहे ना बाप्पा! टीव्हीवर यूट्यूबची भजनं वाजून राहिली. पण बँकेचं पान काहून उघडून नाही राहिलं?" वीजबिलाच्या पानाचंही तेच. नुसतं गोल फिरतं आणि शेवटी पांढरा पडदा. केबलवाल्या पोराला बोलावलं, तर त्याने स्पीड टेस्ट काढून दाखवली. १०० च्या प्लॅनवर ९६ आले. "लाइन चकाचक आहे काकू," म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. लाइन चकाचकच होती. पण स्पीड टेस्ट एकाच सर्व्हरपर्यंतच्या रस्त्याची रुंदी मोजते, आणि काकूंचा प्रश्न रुंदीचा नव्हताच.

काही साइट्स उघडतात आणि काही नाही, ही तक्रार ऐकली की मला खरं तर बरं वाटतं. अर्धं निदान त्यातच आलेलं असतं. तार तुटलेली नाही, वायफायचा पासवर्ड बरोबर आहे, बिल भरलेलं आहे. आता शोधायचं एवढंच की न उघडणाऱ्या साइट्समध्ये असं काय आहे, जे उघडणाऱ्यांमध्ये नाही. त्यासाठी एका वेळी एकच बदल करा आणि तो कागदावर लिहून ठेवा. घाईत चार सेटिंग बदलून बसलात तर दुरुस्त झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि बिघडलं तर मागे फिरायला वाट राहत नाही.

आणि हो, राउटरच्या मागचं ते टाचणीएवढं भोक. त्याला हात लावू नका. ते रीसेटचं बटण आहे. फायबरच्या बऱ्याच डब्यांमध्ये तुमच्या कनेक्शनचं यूजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीने दिलेला जोडणीचा क्रमांक) आणि लँडलाइन असेल तर तिची सेटिंग भरलेली असते. दहा सेकंद टाचणी दाबली की ते सगळं पुसलं जातं. आमच्या गल्लीत एकाने ऐन दिवाळीत हा पराक्रम केला होता. माणूस यायला भाऊबीज उलटली.

राउटरला दोष देण्याआधी

२०२४ च्या मे अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली. देशभर बातम्या झाल्या, आणि मग हवामान खात्याने सांगितलं की संवेदकच बिघडला होता. आपल्यालाही आधी आपला मापक तपासायचा आहे. इथे मापक म्हणजे तुमचा लॅपटॉप किंवा फोन.

न उघडणारी साइट चार प्रकारे उघडून बघा. फोन वायफायवर, तोच फोन वायफाय बंद करून मोबाइल डेटावर, लॅपटॉप वायफायवर आणि तोच लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर. पाच मिनिटांचं काम आहे. कुठेच उघडत नसेल तर साइटच झोपलेली आहे. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी १ वाजता राउटरशी झटापट करणाऱ्यांसाठी हे मुद्दाम लिहितोय. फक्त लॅपटॉपवर उघडत नसेल, वायफाय असो की हॉटस्पॉट, तर दोष लॅपटॉपात आहे. मोबाइल डेटावर सगळीकडे उघडते आणि घरच्या वायफायवर कोणत्याच यंत्रात नाही, असं असेल तरच राउटरकडे वळा.

लॅपटॉप किंवा फोन दोषी निघाला तर नेहमीचे संशयित थोडेच असतात. चालू राहिलेला व्हीपीएन: बँकांच्या आणि सरकारी साइट्स परदेशी पत्ता दिसला की बरेचदा दारच उघडत नाहीत. जाहिराती रोखणारं एक्स्टेन्शन: साइट खाजगी विंडोत उघडून बघा, तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. वेबवरची रहदारी तपासणारा अँटिव्हायरस. आणि अँड्रॉइड फोनमधलं 'प्रायव्हेट डीएनएस' (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी यंत्रणा, त्याबद्दल पुढे येतंच). अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे, आणि कुणीतरी व्हिडिओ बघून जाहिराती घालवण्यासाठी तिथे भलतंच नाव भरून ठेवलेलं असतं. ते 'ऑटोमॅटिक'वर आणा.

जुन्या डेस्कटॉपची तारीखही बघून घ्या. आतला सेल संपला की वीज गेल्यावर संगणक कित्येक वर्षं मागे जातो, आणि मग सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटायला लागतात.

पडद्यावरचा संदेश वाचा

'उघडत नाही' हे फार ढोबळ वर्णन झालं. ब्राउझर त्याच्या परीने कारण सांगत असतो.

'साइट सापडली नाही' किंवा त्याखाली बारीक अक्षरांत डीएनएस असं काही दिसलं, तर नावावरून पत्ता मिळत नाहीये. 'फारच वेळ लागला' म्हणजे पत्ता मिळाला, पण पलीकडून उत्तर नाही. 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' आलं तर तारीख चुकलेली आहे किंवा मध्ये कुणीतरी हात घालतंय. ते ओलांडून बँकेत लॉगिन मुळीच करू नका. ४०३ किंवा 'ॲक्सेस डिनाइड' दिसलं म्हणजे तुम्ही दारापर्यंत पोहोचलात, पण दाराने नकार दिला. ५०२, ५०३, ५०४ हे साइटवाल्यांच्या घरचे आजार आहेत, तुमच्या राउटरचा त्यात काही संबंध नाही.

फायरफॉक्समध्ये खाली डाव्या कोपऱ्यात 'टीएलएस हँडशेक' (साइटशी सुरक्षित जोडणीची पहिली ओळखपाळख) असं लिहून येतं आणि गाडी तिथेच थांबते. काकूंच्या लॅपटॉपवर हेच दिसत होतं. तो माझ्यासाठी मोठा धागा होता. त्याकडे पुढे येतोच.

रीस्टार्ट, पण रीतसर

दोन डबे असतील, म्हणजे फायबरचा एक आणि तुमचा राउटर वेगळा, तर दोन्ही बंद करा. दोन मिनिटं थांबा. आधी फायबरचा डबा सुरू करा. त्यावरचा 'पॉन' दिवा (फायबरची जोडणी लागल्याची खूण) स्थिर झाला आणि 'लॉस'चा लाल दिवा (सिग्नल तुटल्याची खूण) पेटलेला नाही, हे बघितल्यावरच राउटर सुरू करा. दोन्ही एकदम चालू केले तर राउटर आधी जागा होतो आणि चुकीच्या अवस्थेत अडकून बसू शकतो.

रीस्टार्टने साइट उघडायला लागली आणि दोन दिवसांनी पुन्हा बंद पडली, तर राउटर बरा झालेला नाही. जोडण्यांची यादी रिकामी झाली किंवा बाहेरचा पत्ता बदलला, एवढंच घडलं. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि आपण ते माळ्यावर पत्र्याखाली किंवा फ्रिजच्या डोक्यावर ठेवतो, तेही पारा ४५ वर असताना. खाली मोकळ्या जागी आणा, पण कूलरच्या दमट झोतात नको. मात्र प्रामाणिकपणे सांगतो, उन्हाने तापलेला राउटर सहसा अख्खं नेट पाडतो. वीजबिल अडवून भजनं चालू ठेवण्याइतका तो चोखंदळ नसतो.

डीएनएस : पत्ता सांगणारा चुकला तर

साइटचं नाव घेऊन तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. इतवारीत नव्या माणसाने दुकानाचं नाव घेऊन पानठेल्यावर विचारावं, तसं. ठेलेवाल्याला जुनाच पत्ता माहीत असेल तर तुम्ही बंद शटरसमोर उभे राहाल. बाकी दुकानं मात्र बरोबर सापडतील. म्हणूनच काही साइट्स उघडतात, काही नाही.

तपासायला विंडोजमध्ये स्टार्ट दाबून 'सीएमडी' शोधा, काळी खिडकी उघडेल. पुढच्या सगळ्या कमांड इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मी फोनवर काकूंना सांगतो तशा उच्चारून लिहितोय. आधी 'एनएसलुकअप', एक स्पेस आणि साइटचं नाव. मग तीच ओळ पुन्हा, शेवटी एक स्पेस देऊन १.१.१.१. पहिल्यांदा तुमच्या राउटरने दिलेल्या डीएनएसला विचारलं, दुसऱ्यांदा क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या. पहिल्याने 'सापडत नाही' म्हटलं आणि दुसऱ्याने पत्ता दिला, तर चोर सापडला. दोघांचे आकडे नुसते वेगळे असतील तर घाबरू नका. मोठ्या साइट्स अनेक ठिकाणांहून चालतात.

बदल आधी एकाच लॅपटॉपवर करून बघा. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस हाताने भरा, १.१.१.१ आणि जोडीला गूगलचा ८.८.८.८. मग काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग', स्पेस, तिरपी रेघ, 'फ्लशडीएनएस', म्हणजे लॅपटॉपने पाठ केलेले जुने पत्ते पुसले जातील. जमलं, तर तेच राउटरमध्ये करा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ उघडा (नेमका आकडा डब्याखालच्या स्टिकरवर असतो), लॉगिन करा आणि डीएचसीपीच्या (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावरचे डीएनएसचे रकाने बदला. जुन्या आकड्यांचा आधी फोटो काढा.

एकाच लॅपटॉपवर क्रोममध्ये साइट उघडते आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये नाही, असंही होतं. क्रोमच्या सुरक्षेच्या पानावर 'सिक्योर डीएनएस' आहे. त्याने राउटरला वळसा घालून दुसऱ्याच ठिकाणी पत्ता विचारलेला असू शकतो. उलटाही प्रकार घडतो, क्रोममध्येच साइट अडकते. क्रोमने एप्रिल २०२४ पासून जोडणीच्या पहिल्याच निरोपात भविष्यातल्या क्वांटम संगणकांपासून बचाव करणारी किल्ली घालायला सुरुवात केली. तो निरोप आता एका पॅकेटात (नेटवरून जाणाऱ्या मजकुराच्या एका तुकड्यात) मावत नाही, आणि काही जुन्या यंत्रणा त्याने गडबडतात.

राउटरमधल्या डीएनएसच्या रकान्यात अनोळखी परदेशी पत्ते दिसले, जे तुम्ही किंवा केबलवाल्याने भरलेले नाहीत, तर प्रकरण गंभीर आहे. हा जुना धंदा आहे. 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने लाखो संगणकांचे डीएनएस बदलले होते. त्याची टोळी २०११ मध्ये पकडली गेली, आणि ते सर्व्हर ९ जुलै २०१२ ला बंद केले तेव्हा बाधित संगणकांचं नेटच बसलं. असं काही दिसलं तर रकाने दुरुस्त करा, राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड बदला (तो अजून 'ॲडमिन'च असेल तर आजच बदला), बाहेरून राउटर चालवण्याची सोय बंद करा आणि फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) ताजं करा.

एमटीयू : बुटक्या पुलाखाली अडकलेला ट्रक

हा भाग सर्वांत कमी लोकांना माहीत असतो. काकूंचा रोग इथेच होता, म्हणून जरा सावकाश.

इंटरनेटवरचा मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो. एका तुकड्याची कमाल लांबी म्हणजे एमटीयू. साध्या इथरनेटवर ती १५०० बाइट. पण ज्या कनेक्शनला यूजरनेम-पासवर्ड लागतो, ज्याला पीपीपीओई म्हणतात, तिथे ८ बाइट वेष्टनात जातात आणि उरतात १४९२. आता लोहापुलासारखा एखादा बुटका रेल्वेपूल डोळ्यांपुढे आणा. स्कूटर जातात, ऑटो जातात, उंच ट्रक अडकतो. नियमाप्रमाणे पुलापाशी उभ्या माणसाने ट्रक पाठवणाऱ्याला कळवायला हवं, 'बाबा, इथे उंची एवढीच आहे, माल लहान गाड्यांतून पाठव.' पण काही साइट्सच्या फायरवॉल (दारावरचे पहारेकरी) हा निरोपच आत घेत नाहीत. पाठवणारा तोच ट्रक पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि तुमच्याकडे गोल फिरत राहतं.

म्हणून पहिली ओळखपाळख होते, ते तुकडे लहान असतात. मग साइटचं प्रमाणपत्र येतं, ते मोठं असतं, आणि तिथे सगळं थिजतं. फायरफॉक्समधला तो 'टीएलएस हँडशेक' हाच. मग यूट्यूब कसं चालतं? क्रोमसारखे ब्राउझर गूगलच्या सेवांशी बोलताना बरेचदा क्विक नावाची नवी पद्धत वापरतात. तिचं मानक २०२१ मध्ये ठरलं. त्यात सुरुवातीचे तुकडे १२०० बाइटच्या आसपास ठेवतात आणि रस्ता पुरतो हे पडताळल्यावरच आकार वाढवतात. थोडक्यात, यूट्यूब ऑटोने माल पाठवतं आणि बँक अजून ट्रकने.

मोजायचं कसं? काळ्या खिडकीत 'पिंग', स्पेस, वजा एफ, स्पेस, वजा एल, स्पेस, १४७२, स्पेस, १.१.१.१. हा १५०० चा तुकडा झाला, कारण २८ बाइट शीर्षकाचे वेगळे असतात. उत्तर आलं तर रस्ता पूर्ण उंचीचा आहे, हा भाग सोडून पुढे जा. 'तुकडे करावे लागतील' अशा अर्थाचा संदेश आला किंवा नुसतंच 'टाइम्ड आउट' झालं, तर १४६४ टाका. तेही नाही गेलं तर १४५२, मग १४४०, असं उतरत जा. गेलं की एकेक वाढवत नेमका आकडा पकडा. जो सर्वांत मोठा आकडा जातो, त्यात २८ मिळवा. तो तुमचा एमटीयू.

काकूंकडे १४७२ ला टाइम्ड आउट, १४६४ ला उत्तर. म्हणजे १४९२. गोष्ट अशी निघाली की भाच्याने पुण्याहून नवा दोन अँटेनांचा राउटर आणून केबलवाल्याच्या डब्यामागे जोडला होता. लॉगिन जुना डबाच करत होता, नव्या राउटरला १५०० चाच भ्रम, आणि जुन्या डब्याने मधला निरोप गिळून टाकलेला. नव्या राउटरच्या वॅनच्या (बाहेरच्या जोडणीच्या) पानावर एमटीयू १४९२ भरला, सेव्ह केलं, राउटर एकदा उठूनबसून आला. बँक उघडली, वीजबिलही उघडलं.

राउटर कंपनीने कुलूपबंद ठेवला असेल आणि तो रकानाच दिसत नसेल, तर मोजलेला आकडा केबलवाल्याला सांगा. संगणकातही एमटीयू बदलता येतो, पण घरातल्या फोन-टीव्हीला त्याचा काही उपयोग नाही.

दोन राउटर एकामागे एक असतील तर आणखी एक बघा: दोघांचाही घरचा पत्ता १९२.१६८.१.१ असा एकच नको. एकाचा बदलून १९२.१६८.५.१ करा, नाहीतर दुसऱ्या राउटरला सरळ ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त वायफाय पुरवेल. मला दुसरा उपाय आवडतो.

आयपीव्ही६

नवी पत्तापद्धत. भारत ती वापरण्यात जगात आघाडीवर आहे. अनेक मोठ्या साइट्स आयपीव्ही६ वर आहेत, अनेक लहान आणि सरकारी साइट्स अजून जुन्या आयपीव्ही४ वरच. आयपीव्ही६ अर्धवट मोडलेलं असेल तर ब्राउझर क्षणभर वाट बघून जुन्या वाटेने जातो, तुम्हाला कळतही नाही. त्रास होतो तो जोडणी लागते पण मोठे तुकडे अडकतात तेव्हा. ब्राउझरला वाटतं वाट चालू आहे.

लॅपटॉपच्या वायफाय ॲडॉप्टरच्या गुणधर्मांत आयपीव्ही६ वरची खूण काढून साइट उघडून बघा. उघडली, तर दोष सापडला. पण ते कायमचं बंद ठेवून गप्प बसू नका. खूण परत लावा आणि कंपनीकडे तेवढीच नेमकी तक्रार करा.

सगळ्या मोहल्ल्याचा एकच पत्ता

राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यातल्या एखाद्या जोडीने सुरू होत असेल, तर तुमच्यासह बऱ्याच घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता आहे. नंदनवनातल्या कुणाच्या व्हायरसग्रस्त संगणकाने आगाऊपणा केला की साइट तो पत्ता काळ्या यादीत टाकते, आणि ४०३ तुम्हाला दिसतो. राउटर तासभर बंद ठेवून पत्ता बदलतो का बघा. नाही बदलला तर कंपनीला सांगा. घरून काम करत असाल तर महिन्याचे थोडे पैसे देऊन स्थिर पत्ता घेणं परवडतं.

राउटरमधलं पॅरेंटल कंट्रोलही (मुलांसाठी साइट्स रोखण्याची सोय) तपासा. परीक्षेच्या वेळी लावलेलं असतं आणि नंतर सगळे विसरतात. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली किंवा न्यायालयाच्या आदेशाने साइट बंद केलेली असेल, तर राउटरमध्ये कितीही खुडबुड केली तरी काही हाती लागणार नाही.

तक्रार करताना

इथवर येऊनही साइट उघडत नसेल, पण मोबाइल डेटावर उघडत असेल, तर दोष कंपनीच्या जाळ्यात आहे. 'नेट स्लो आहे' असं म्हणू नका. म्हटलंत की पुन्हा तेच पोरगं येऊन स्पीड टेस्ट दाखवेल. असं सांगा: अमुक साइट, या तारखेला, या वेळी, घरातल्या कोणत्याच यंत्रावर उघडत नाही, मोबाइल डेटावर उघडते, डीएनएस बदलून पाहिला, एमटीयू इतका मोजला, वॅनचा पत्ता हा. सोबत 'ट्रेसर्ट', स्पेस, साइटचं नाव या, रस्त्यातले थांबे दाखवणाऱ्या कमांडच्या निकालाचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडा. त्यात मध्येच काही ओळींवर चांदण्या दिसल्या तरी तो दोष नव्हे. बरेच राउटर उत्तरच देत नाहीत. शेवटपर्यंत चांदण्याच राहिल्या, तर त्या कुठून सुरू झाल्या ते महत्त्वाचं.

तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीच्या तक्रार केंद्राने समाधान केलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न त्या नंबरचाच असतो.

काकूंच्या राउटरखाली आता वहीचं एक पान चिकटवलेलं आहे: डब्याचा पत्ता, एमटीयू १४९२, जुने डीएनएस, नवे डीएनएस, बदल केल्याची तारीख. खाली काकूंनी स्वतःच्या अक्षरात जोडलंय, 'टाचणी लावू नये.'